पात्यातलं तीस ग्रॅम पाणी

कयाकच्या शर्यतीत उतरणारा एक खेळाडू वल्हं टेबलावर ठेवत एवढंच म्हणाला, "दादा, हलकं म्हणून घेतलं, पण शेवटच्या चार-पाच गेटना उजवा हात मागे राहतो." स्लॅलम म्हणजे खळाळत्या पाण्यावर टांगलेल्या खांबांच्या 'गेट'मधून कयाक काढायची शर्यत; तिच्यात खांबाला नुसता स्पर्श झाला तरी २ सेकंदांचा दंड, त्यामुळे तक्रार किरकोळ नव्हती. वल्हं कार्बनचं, दोन्ही टोकांना पातं असलेलं, एक हंगाम वापरलेलं, लांबी १९८ सेंटीमीटर. घेतलं तेव्हा वजन ६५० ग्रॅम होतं. काट्यावर ६८० भरलं.

वल्हं एका बोटावर आडवं तोललं. दोन्ही पाती सारखी असतील तर तोल बरोबर मध्यावर येतो. इथे तो उजव्या पात्याकडे साडेतीन सेंटीमीटर सरकलेला. ३० ग्रॅमनी तोल एवढा हलवायचा तर ते मध्यापासून सुमारे ८० सेंटीमीटरवर, म्हणजे पात्यातच असायला हवेत. मग नाण्याने पातं ठोकत गेलो. सगळीकडे टणक, कोरडा आवाज; टोकाजवळ, काठापासून दोन बोटं आत मात्र बद्द.

भिंगातून काठ पाहिला आणि उलगडा झाला. हलकं पातं म्हणजे कार्बनच्या दोन पातळ कातड्या आणि मधे फोम. या पात्याच्या काठाला अ‍ॅरामिडची (केव्हलरसारख्या चिवट धाग्याची) किंवा धातूची पट्टीच नव्हती. वजन तिथे वाचवलेलं. प्रवाहाविरुद्ध पार करायच्या गेटला वळताना टोक उथळ पाण्यातल्या दगडावर आपटतं. तसं होऊन होऊन काठ झिजला, केसाएवढी फट पडली, कातडी फोमपासून सुटली आणि त्या पोकळीत पाणी साठलं. साधारण दीड मिनिटाच्या शर्यतीत प्रत्येक फटक्याला पातं थांबवून पुन्हा फिरवावं लागतं. फिरवताना ८० सेंटीमीटरवरचा एक ग्रॅम ४० सेंटीमीटरवरच्या चार ग्रॅमइतका जड पडतो. हात मागे राहणारच.

म्हणूनच नुसत्या एकूण वजनावर वल्हं निवडणं मला पटत नाही. ग्रॅम कुठून कमी केलेत ते बघावं. काठ उघडा ठेवून वाचवलेलं वजन मी घेणार नाही. नदी उथळ आणि दगडांची असेल तर टोकाला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी हवीच. खोल कृत्रिम प्रवाहात अ‍ॅरामिडचा काठ पुरतो. पातं दोन अंगठ्यांत धरून दाबावं, कातडी जराही दबता कामा नये. पातं दांड्याला मिळतं ती मानही नीट बघा. तिथली एखादी आडवी चरसुद्धा धोक्याची, कारण कार्बन वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतं. पंखाच्या आकाराचं वल्हं सरळ उताराच्या शर्यतीला उत्तम. स्लॅलममध्ये बाजूला ओढायच्या फटक्यांना ते अडतं.

त्याने शेवटी काठाला पट्टी असलेलं ७३५ ग्रॅमचं वल्हं निवडलं. जुनं सरावासाठी ठेवायचं ठरलं. त्याच्या टोकाला छोटं भोक पाडून पाणी काढलं आणि पातं उबेत टांगलं. सलग दोन दिवस वजन तेच येईपर्यंत इपॉक्सी गोंद भरायचा नाही, नाहीतर ओल आतच कोंडते.

नव्या वल्ह्याचं एक पातं गरम गोंदाने बसवलं, म्हणजे दोन पात्यांमधला कोन पुढे बदलता येतो. त्यासाठी हीट गन नको. जास्त तापलं तर कार्बनचे धागे जोडून धरणारं रेझिन मऊ पडतं. सांध्यावर उकळतं पाणी सावकाश ओतलं, गोंद सैल झाल्यावर कोन ६० अंशांवर आणला. दांड्यात कोंडलेली हवा तापली की फुगते आणि पातं बाहेर ढकलते. म्हणून सांधा गार पाण्याखाली धरला आणि गोंद पुरता घट्ट होईपर्यंत पातं आत दाबून ठेवलं.