तोफ वाजवायची नाही

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की आमच्या वाचनालयात मुलांचा कथामेळा भरायचा. तीन दिवस. माडीवर सतरंज्या, जिन्यात चपलांचा ढीग. माझ्याकडं पेन्सिलींना टोक करायचं आणि भांडणं सोडवायचं काम.

विषय दुसऱ्या महायुद्धाच्या काळाचा. पहिल्या वर्षी निम्म्या वह्या 'धडाड धूम'नं सुरू झाल्या. मेळा घेणाऱ्या बाईंनी फळ्यावर लिहिलं: तोफ वाजवायची नाही. पोरं हिरमुसली. 'मग युद्धात उरलं काय, बाई?'

'वळिवडे उरलं की.'

कोल्हापूरकर असून आम्हाला तरी कुठं धड माहीत होतं! १९४० मध्ये सोव्हिएत रशियानं पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकली. पुढं सुटका झाली, त्यातली काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली, आणि १९४३ पासून पाचेक हजार जण आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि पोरं. बराकी, शाळा, चर्च, नाटकं, सगळं इथं, पंचगंगेजवळ.

छावणीत आलेल्या दहा वर्षांच्या मुलीची गोष्ट लिहायची होती. तिला सैबेरिया आठवणार, म्हणजे थंडी आली. आणि आमच्या पोरांची थंडी म्हणजे कानटोपी. बाईंनी मासळीवाल्याकडून बर्फाचा तुकडा मागवला. 'मुठीत धरा. दुखायला लागलं की सोडा आणि लिहायला बसा.' एका मुलीनं एवढंच लिहिलं: 'आईनं माझा हात धरला होता, पण मला तो कळत नव्हता.' ते वाक्य मला अजून पाठ आहे.

खरी मजा वाचनाच्या वेळी. एकानं झोकात वाचलं, मुलगी जूनमध्ये उतरली आणि गावकऱ्यांनी तिला गरम काकवी पाजली. मागून ऊसवाल्याचं पोरगं ओरडलं, 'आरं, पावसात कुठलं गुऱ्हाळ चालतंय?' अर्धा तास वाद. बाई गप्प बसून ऐकत होत्या. त्यांना हेच हवं होतं, असं मला वाटतं. शेवटी काकवी गेली, गुळाचा खडा आला. गेल्या हंगामातला, ओल धरलेला. गोष्ट एकदम खरी वाटायला लागली.

गांधीनगरचा एक सिंधी मुलगा यायचा. पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं राहिली, त्याचंच पुढं गांधीनगर झालं. त्याचे पणजोबा त्यांतलेच. तिसऱ्या दिवशी सगळे चिवड्यावर तुटून पडले तरी हा कोरी वही घेऊन बसलेला.

'बाई, ती मुलगी निघून गेली. आता त्या खोलीत आमचे आले, तर चालेल?'

'चालेल की. पण आज वेळ संपला.'

पुढच्या वर्षी दार उघडायला गेले, तर पायरीवर तोच बसलेला. पेन्सिलीला टोक घरूनच करून आणलं होतं.