सांगलीचे पन्नास, एडिसनचे साठ

बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला अर्ध्या तासाची फिल्म दाखवायची, असं मी घरात बोलून बसले. चित्रण हाताशी होतं. सांगलीत १९९१ साली झालेल्या ताईच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट, काकांनी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आठ मिलिमीटरच्या हँडीकॅमवर काढलेल्या टेप, आणि अलीकडचं मोबाइलवरचं. पण कॅसेट पॅल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीची, आणि टेप एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या; तिथं गाडी अडली.

पॅलमध्ये चित्राच्या ६२५ आडव्या रेघा आणि सेकंदाला ५० फील्ड. फील्ड म्हणजे अर्धं चित्र: एकदा विषम रेघा, एकदा सम. एनटीएससीत रेघा ५२५ आणि फील्ड ५९.९४. पन्नास आणि साठ हे आकडे त्या त्या देशातल्या विजेच्या फ्रिक्वेन्सीवरून ठरले. अमेरिकेत १९५३ मध्ये रंग आला, तेव्हा रंगाचा आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत घुसून पडद्यावर ठिपके उमटू नयेत म्हणून साठाचा वेग हजारात एकाने कमी केला. तो एक अजून छळतो: ५९.९४ फील्डची पूर्ण चित्रं होतात २९.९७, ती फाइल चुकून ३०ची धरली की तासाभरात आवाज आणि चित्र साडेतीन सेकंदांहून जास्त फाकतात.

काकांच्या टेप आधी एका दुकानात दिल्या होत्या. तिथून पॅल डीव्हीडी करून मिळाल्या. चुलतबहीण अंगणातल्या झोक्यावर बसलीय, आणि झोका जोरात आला की दोन झोके, दोन वेण्या, एक गडद एक फिकट. दुकानदार म्हणाला, “मॅडम, जुन्या टेप अशाच येतात.” टेप उत्तम होत्या हो! साठाचे पन्नास करताना त्यांनी शेजारशेजारची चित्रं एकमेकांत कालवली होती. एकदा कालवलं की ते वेगळं करता येत नाही. मूळ टेप परत आणल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

काकांनी नंतर डिजिटल८ कॅमेरा घेतला होता, तो जुन्या आठ मिलिमीटरच्या टेपही वाजवतो आणि फायरवायर नावाच्या जुन्या केबलमधून कॉम्प्युटरला थेट डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) फाइल देतो. चुलतभाऊ दिवाळीला आला तेव्हा घेऊन आला. फायरवायरचं कार्ड असलेला जुना डेस्कटॉप माळ्यावरून काढला. तासाला साधारण १३ जीबी. सांगलीच्या कॅसेटसाठी ओळखीच्यांचा व्हीसीआर आणला, तो कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यूएसबी कॅप्चरच्या सेटिंगमध्ये पॅल-बी हा आपल्याकडचा प्रकार निवडला. या टप्प्यावर काहीही बदलायचं नाही. टेपवर जे आहे ते तसंच उतरवायचं.

एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एका टाइमलाइनवर टाकल्यावर आधी हसूच आलं. अमेरिकेतले सगळे जाडे आणि सांगलीतले सगळे हडकुळे! ७२० बाय ४८० आणि ७२० बाय ५७६, दोन्ही चौकटी प्रत्यक्षात ४:३च्या, पण पिक्सेल चौकोनी नाहीत. आकार १४४० बाय १०८० केला की माणसं मापात येतात. रेघांचा फरक असा चुटकीसरशी मिटतो. खरी डोकेदुखी वेळेची.

आधी फील्ड सुटी करायची. बऱ्याच सॉफ्टवेअरची सवय अशी की ५० फील्डची २५ चित्रं करायची आणि निम्मी हालचाल फेकून द्यायची. मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तो क्षण मी दोन्ही पद्धतींनी काढून पाहिला. २५मध्ये काकूंच्या हिरव्या शालूसमोरून दाणे उड्या मारत जातात. एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरमधल्या बीडब्ल्यूडिफ फिल्टरने प्रत्येक फील्डचं चित्र केलं की दाणे खरोखर पडताना दिसतात. फील्डचा क्रम मात्र तपासायचाच. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं. उलटं धरलं तर माणूस दोन पावलं पुढे, एक मागे असा थरथरतो.

मग टाइमलाइन पन्नासची की साठाची? मी ५९.९४ घेतली. हॉलमधला प्रोजेक्टर लॅपटॉपला जोडायचा होता आणि लॅपटॉपचा पडदा साठाचाच. शिवाय काकांना त्यांच्या टीव्हीवर लावायला डीव्हीडी हवी होती, तीही एनटीएससी. म्हणजे त्यांच्या टेपच्या वेगाला हात लावायची गरज नव्हती, बदलायची होती ती सांगली.

पन्नासाचे साठ करताना सरळ मार्ग म्हणजे दर पाच चित्रांमागे एक दुबार. वरातीत कॅमेरा बँडवरून घोड्याकडे फिरतो, तिथं हे डोळ्यांना खटकलं. बारीक बारीक धक्के. तिथं हालचालीचा अंदाज घेऊन मधली नवी चित्रं बनवणारा फिल्टर लावला आणि वरात लोण्यासारखी सरकली. तोच अक्षतांवर लावला तर दाण्यांचे नुसते ओघळ झाले, कारण दोनशे दाण्यांतला कुठला कुठे गेला हे त्या बिचाऱ्याला कळतच नाही. तेव्हा अक्षतांना दुबार, वरातीला अंदाज. एकच औषध सगळ्या फिल्मला पाजू नये, असं माझं स्पष्ट मत झालंय.

काकांनी लग्नालाही आपला अमेरिकन कॅमेरा आणला होता, त्यात जेवणाची पंगत आहे. आपल्या पन्नासाच्या विजेवर जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळतात, कॅमेरा घेतो ५९.९४ फील्ड, त्यामुळे चित्र सेकंदाला सुमारे वीस वेळा फडफडतं. लागोपाठची तीन चित्रं मिसळली की ते बरंच शांत होतं. म्हणजे दुकानदाराने केलं तेच, पण इथं पंगत बसलेली होती, हलत होते फक्त हात. वाढपी जिलेबी घेऊन आला की त्याला तीन पळ्या फुटायच्या, म्हणून तो चौकटीत शिरायच्या आत कट मारला.