ऑर्डर वाचल्याशिवाय बाइट नाही

इंदूरला एका लॉ कॉलेजात मी क्रिमिनल लॉ आणि एव्हिडन्स, म्हणजे पुराव्याचा कायदा, शिकवते. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिली करता येत नाही, म्हणजे कोर्टात उभं राहून बोलायचा प्रश्नच नाही, जे सांगायचं ते वर्गात सांगायचं नाहीतर लिहायचं. आणि लिहायचं म्हटलं की बरेच लेख प्रमोशनच्या पॉइंटसाठी लिहिले जातात, जर्नलात जाऊन पडतात, कोणी बघत नाही. मला हे मनापासून खुपतं, कारण कायद्याच्या मास्तरांनी लिहिल्यामुळे या देशात कायदा बदललाय.

मागच्या सत्रातल्या एका दिवसाबद्दल सांगते. सकाळी वर्गात मथुरा केस होती. माझी एक पद्धत आहे, आधी जजमेंट पूर्ण वाचायचं, मोठ्यानं, आळीपाळीनं, मग टीका. २६ मार्च १९७२, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस स्टेशन, मोलमजुरी करणारी मथुरा नावाची आदिवासी पोर, चौदा ते सोळा वयाची. रात्री तिला ठाण्यात थांबवून घेतलं, बाकीच्यांना बाहेर काढलं, आणि दोन पोलिसांवर ठाण्यातच तिच्यावर अत्याचार केल्याचा खटला चालला, मुख्य आरोप बलात्काराचा. सेशन कोर्टानं पोलिसांना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर बेंचनं शिक्षा दिली, आणि १५ सप्टेंबर १९७८ ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं, कारण काय तर अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार केला नाही.

जखमांचा परिच्छेद वाचायची पाळी मागच्या बाकावरच्या एका मुलीची आली. वडील पोलिसात हवालदार, एरवी वर्गात तोंड न उघडणारी. वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "मॅम, ठाण्यात रात्री साहेबांसमोर कोण ओरडेल? आमच्या बाबांच्या ठाण्यात माणसं खुर्चीवर बसायलासुद्धा घाबरतात." सगळा वर्ग तिच्याकडे बघत राहिला. मग मी ते पत्र काढलं.

१६ सप्टेंबर १९७९ ला चार प्राध्यापकांनी देशाच्या सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. केळकर म्हणजे तेच, ज्यांचं क्रिमिनल प्रोसिजरचं पुस्तक आमची पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री उशाशी घेऊन झोपतात, त्यांना ते ऐकून नवलच वाटलं. पत्रातला मुद्दा साधाच होता, की भीतीनं निमूट सोसणं म्हणजे संमती नव्हे, आणि नागपूर बेंचला जे दिसलं ते वरच्या कोर्टाला का दिसलं नाही. जजमेंटमधलीच वाक्यं घेऊन, खाली आपापली नावं घालून विचारलं होतं. पुढे बायका रस्त्यावर आल्या, लॉ कमिशनचा रिपोर्ट आला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. एव्हिडन्स ॲक्टात ११४-अ कलम आलं, म्हणजे कोठडीतल्या अशा प्रकरणात संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर कोर्टानं संमती नव्हती असंच धरायचं. १ जुलै २०२४ पासून एव्हिडन्स ॲक्टच्या जागी लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच १२० वं कलम आहे. मथुराला स्वतःला मात्र त्यातून काहीच मिळालं नाही, तिच्या केसमधले दोघं सुटले ते सुटलेच, हे वर्गात सांगताना दरवेळी जड जातं.

दुपारी एका न्यूज चॅनेलवाल्याचा फोन, बाइट म्हणजे कॅमेऱ्यासमोर प्रतिक्रिया हवी होती. हायकोर्टाच्या इथल्या बेंचनं एका बलात्काराच्या केसमध्ये ऑर्डर दिलीय, "मॅडम, दोन मिनिटं बाइट द्या, कोर्टानं आरोपीला क्लीन चिट दिलीय, तुमचं काय म्हणणं?" मी म्हटलं ऑर्डरची कॉपी पाठवा. म्हणे कॉपी नाही, वकिलानं सांगितलंय. म्हटलं मग बाइटही नाही. तो थोडा चिडला, दुसरे सर देताहेत म्हणाला. दिलंही कोणीतरी, संध्याकाळी पाहिलं, कोर्टाला झोडपून काढलं होतं, आणि खाली पट्टीत 'निर्दोष'.

ऑर्डर साइटवर चढली तेव्हा मी आणि तीन-चार विद्यार्थी लायब्ररीतच होतो, सकाळची ती मुलगीही होती. वाचली तर नुसता जामीन. अटी घातलेल्या, पुराव्यावर मत नाही, आणि शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलेलं की इथल्या निरीक्षणांचा खटल्यावर परिणाम होणार नाही. क्लीन चिट कुठेच नाही. आता ज्या बाईनं तक्रार केली तिनं ती पट्टी बघितली असेल तर तिला काय वाटलं असेल, कोर्टात यायची हिंमत उरेल का तिची?

म्हणून लिहायला घेतलं. ऑफिसातून निरोप आला, कोर्टाबद्दल लिहू नका, कन्टेम्प्ट म्हणजे कोर्टाचा अवमान होईल. कन्टेम्प्टच्या भीतीनं निम्मे मास्तर गप्प बसतात, आणि १९७१ चा ॲक्ट मात्र कोणी उघडत नाही. पाचवं कलम सांगतं, सुनावणी होऊन अंतिम निकाल लागलेल्या केसच्या गुणदोषांवर रास्त टीका हा अवमान नाही. त्या चौघांनी तेच केलं, निकाल लागल्यावर लिहिलं. इथे खटला चालू आहे, तेव्हा आरोपी दोषी की निर्दोष यावर मी अवाक्षर लिहिणार नाही, जामीन म्हणजे काय आणि ऑर्डरमध्ये काय म्हटलंय आणि काय नाही एवढंच लिहीन. पीडितेची ओळख पटेल असा गावाचा, नोकरीचा उल्लेखही नको, कलम ७२ आहे त्याला, आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं. एवढं धरून लिहिलं तर घाबरायचं कशाला?

त्या मुलीनं मसुदा वाचला आणि दोन ठिकाणी पेन्सिलनं खूण केली, म्हणाली हे वाक्य माझ्या आईला कळणार नाही. दोन्ही बदलली. लेख एका स्थानिक पेपरला दिला, तिसऱ्या दिवशी आला, पण ऑर्डरच्या शेवटच्या परिच्छेदाचा उतारा त्यांनी जागेअभावी कापला होता. नेमका तोच हवा होता. मी संपादकांना फोन करून सांगितलं, तर त्यांनी वेबसाइटवरच्या लेखात पूर्ण उतारा घातला आणि पुढच्या लेखाला जास्त जागा देतो म्हणाले. पुढचा विषय ठरलाय, १२० वं कलम, आणि यावेळी त्या मुलीचं नाव माझ्या नावाशेजारी असेल.