कर्णा नवा, मशीन जुनं

गेल्या श्रावणात एक मुलगी रिक्षातून भलामोठा पितळी कर्णा मांडीवर सांभाळत दुकानात आली. मागून रिक्षावाल्याने लाकडी पेटी आणून ठेवली.

"काका, आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला घेतलाय. १९१०चा ग्रामोफोन आहे. चावी दिली की नुसता घरघरतो."

सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली बालगंधर्वांची एक तबकडीही तिने आणली होती. आजोबांच्या पेटीतली. ती मी आधी बाजूला ठेवली.

पेटीवरचा कुत्र्याचा बिल्ला बोटाला बोचत होता. शंभर वर्षं फडकं फिरलेल्या पितळेच्या कडा अशा राहत नाहीत. पेटी उलटी केली तर वरून काळपट पॉलिश, आतून कोरं प्लायवूड. स्क्रू अधिकच्या खाचेचे, म्हणजे १९३०च्या दशकात आलेले. पण स्क्रू कुणीही दुरुस्तीत बदलतो, तेवढ्यावरून मी निकाल देत नाही.

साउंडबॉक्स, म्हणजे सुईची थरथर आवाजात बदलणारी डबी, काढला आणि शंका उरली नाही. मागे '५ ए' असा ठसा, आत अ‍ॅल्युमिनियमचा पडदा. १९१०च्या कर्ण्याच्या मशीनला अभ्रकाचा पडदा असायचा. १९२५पासून मायक्रोफोन लावून विजेवर मुद्रण होऊ लागलं, खर्जाचे आणि तारसप्तकाचे जास्त सूर तबकडीत उतरू लागले. ते पेलायला पुढे हे धातूचे पडदे आले. हा साउंडबॉक्स 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या १०२ नंबरच्या पोर्टेबलचा, म्हणजे हातात धरून नेता येणाऱ्या पेटीतल्या ग्रामोफोनचा. ते मॉडेलच १९३१चं.

मग टोनआर्म, म्हणजे साउंडबॉक्स धरणारा हात, तबकडी अडकते त्या मधल्या खिळ्याकडे नेला. सुई खिळ्याच्या आसपास यायला हवी, ती दोन बोटं पुढे निघून गेली. मोटरही त्याच पोर्टेबलची. पेटी रुंद पडली म्हणून चावीला लोखंडी तुकडा झाळून लांब केलेली. तो दांडा वाकडा बसला होता, घरघर त्याचीच.

"म्हणजे खोटा आहे?" तिचा आवाज बसला.

"ताई, यातलं मशीन खरं आहे. पेटी आणि कर्णा नवे, आणि सांगितलेलं वय खोटं."

मला या धंद्याचा मनापासून राग आहे. लोकांना ग्रामोफोन म्हणजे कर्णाच हवा असतो. पोर्टेबलचा कर्णा पेटीच्या पोटात दुमडलेला असतो, तो दिसत नाही, म्हणून त्याला मोल नाही. मग चांगलं वाजणारं पोर्टेबल फोडायचं, मोटर आणि टोनआर्म उपसायचे, वर पितळ चढवायचं. असा एक नग उभा राहतो तेव्हा एक खरं वाद्य मेलेलं असतं. शिवाय टोनआर्मची जागा चुकली की पोलादी सुई खाचेत तिरकी चालते आणि लाखेची तबकडी खरवडून काढते. बालगंधर्वांची तबकडी मी त्यावर एकदाही ठेवू दिली नाही.

फोडून उरलेल्या पेट्या भंगारात येतात. माझ्या माळ्यावर १०२च्या तीन होत्या, मोटरविना. मी तिला विचारलं, "कर्णा सोडून द्यायची तयारी आहे?"

ती बराच वेळ कर्ण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजोबांना गाणं ऐकायचंय, काका."

तीन आठवडे लागले. स्प्रिंगवरचं दगडासारखं झालेलं ग्रीस रॉकेलने सोडवलं, वेग सारखा ठेवणाऱ्या गव्हर्नरची एक पाती तुटायला आली होती ती बदलली, साउंडबॉक्सचं कडक झालेलं रबर नवं घातलं. चावी माझ्याकडची दिली. मोटर पेटीत उतरवली तेव्हा भोकाला भोक जुळलं, कानस लावावी लागली नाही.

न्यायला ती आजोबांनाच घेऊन आली. मी नवी सुई लावली, मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेग मोजून बघितला आणि तबकडी ठेवली. आजोबा उभेच होते. पहिली तान येताच त्यांनी हात मागे नेऊन खुर्ची चाचपली. नातीने ती पुढे सरकवली.