वेल्डिंग मारा आणि मोकळे व्हा

सिंहस्थाच्या रस्त्यांची कामं निघाल्यापासून आमच्या नाशिकमधल्या अंबडच्या गाळ्यासमोर सतत एखादं मशीन आजारी पडून उभं असतं. त्या दिवशी मात्र आला तो धडधाकट ग्रेडर, म्हणजे पोटाखालच्या लांब पात्यानं रस्ता सपाट करणारं मशीन. जुना, पण इंजिन ठणठणीत. त्याच्यामागून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भंगारातून उचललेला रिपर.

शेठ गाडीतून उतरता उतरताच म्हणाले, "मिस्त्री, एवढं मागं चिकटवून द्या. वेल्डिंग मारा आणि मोकळे व्हा. उद्या पेठ रोडच्या साईटवर मशीन पाहिजे."

रिपर म्हणजे ग्रेडरच्या शेपटाला लावायचा नांगर. या मशीनला पात्याच्या पुढं मूळचा स्कॅरिफायर होता, पण तो मुरूम उकरण्यापुरता. जुन्या डांबराखाली आपल्या काळ्या दगडाचं सोलिंग लागलं की त्याचे बारीक दात वाकतात. यालाही अर्धे वाकलेले आणि अर्धे गायब होते. रिपरचे दात मोजके पण जाड, आणि मागच्या चाकांवर बसलेलं इंजिनाचं सगळं वजन त्यांच्या मदतीला.

मी मागं वाकून बघितलं आणि वेल्डिंगला नाही म्हटलं. तिथं नुसती प्लेट नव्हती, ओतीव हौसिंग होतं आणि आत गिअर-बेअरिंग. ओतिवाला घाईघाईत वेल्डिंगचा रॉड ओढला की सांध्याशेजारची जागा ठिसूळ होते, तडा तिथूनच जातो. त्यात अर्थिंग भलत्या जागी लावलं तर करंट बेअरिंगमधून फिरतो. आणि रिपरचा एक दात खडकात अडकला तर अख्ख्या मशीनचा जोर त्या एका सांध्यावर. शेठना हे पटलं नाही. त्यांच्या मते मी बिल वाढवत होतो.

वाद मिटवला तो ऑपरेटर मामांनी. हा माणूस कमी बोलतो. त्यांनी स्क्रॅपर घेतला आणि हौसिंगवरचा चिखल खरवडायला बसले. चिखलाखाली ग्रीस, ग्रीसखाली रंगाचे तीन थर, आणि त्याखाली आटे पाडलेली आठ भोकं! कंपनीनं जागा ठेवली होती, इतक्या वर्षांत कुणी उघडून बघितलीच नव्हती.

आनंद पाच मिनिटं टिकला. रिपर दुसऱ्याच मॉडेलचा. टेप लावली तर भोकांच्या अंतरात १४ मिलिमीटरचा फरक. गाळ्यातला पोरगा गॅस कटर घेऊन तयारच, "भोकं लांबवू का?" त्याला आधी चहा आणायला पिटाळलं. लांबट भोकात बोल्ट हलतो आणि हलणारा बोल्ट कधी ना कधी तुटतोच. मधे ४० मिलिमीटरची जोडप्लेट घालायची ठरवली. एका बाजूला हौसिंगची भोकं, दुसऱ्या बाजूला रिपरची. प्रोफाइल कटिंग आणि रेडियल ड्रिलिंग होऊन ती हातात यायला दुपारचे तीन वाजले. तोवर मी जुने आटे साफ करायला त्यांत टॅप फिरवला. टनाच्या आसपासचा रिपर हायड्रा क्रेननं उचलून लावला. बोल्ट १०.९ ग्रेडचे, म्हणजे जादा ताकदीचे, टॉर्क रेंचनं समोरासमोर आवळले आणि प्रत्येकाच्या डोक्यावरून प्लेटपर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. बोल्ट जराही फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

हायड्रॉलिकचं काम सोपं वाटलं होतं. लिव्हरप्रमाणे तेल वाटणाऱ्या व्हॉल्व्ह बँकेत एक सेक्शन रिकामाच होता, प्लग मारलेला. तेलाचे होज सायलेन्सरपासून लांब ठेवून मागं नेले. मामांनी लिव्हर 'वर'ला ओढला आणि रिपर धाडकन खाली! दातांखाली ठेवलेला लाकडी ठोकळा उभा चिरला. होज उलटे जोडले गेले होते आणि ते मीच जोडले होते. खाली कुणी जायचं नाही ही ताकीद सकाळीच दिली होती म्हणून बरं. पोराचा पाय वीतभर लांब होता. तो नंतर बराच वेळ बोलला नाही, मीही नाही.

होज अदलाबदल करून जोडले तर पंप किंचाळायला लागला. रिकाम्या सिलिंडरनं टाकीतलं तेल ओढून घेतलं होतं. तेल भरलं, चार-पाच वेळा वरखाली करून हवा काढली, तेव्हा आवाज बसला.

दुसऱ्या दिवशी साईटवर मीही गेलो. पाचपैकी तीनच दात ठेवले होते. मामा पहिल्याच फेरीत म्हणाले, "पुढनं हलकी लागतेय." लागणारच, मागं एवढा बोजा लटकला होता. पुढं वजन बांधायचं ठरलं. वळायच्या आधी दात वर, हे मात्र त्यांना सांगावं लागलं नाही.

डांबर वडीसारखं निघत होतं. तिसऱ्या फेरीला मशीन एकदम थांबलं, मागची चाकं जागेवर फिरली, रबराचा वास सुटला. मी पळत मागं गेलो. आठही रेघा सरळ. मधल्या दाताचं टोक मात्र नव्हतं, ते धरून ठेवणारी पिन कापली गेली होती.

"मिस्त्री, मोडला की तुमचा रिपर!" शेठ ओरडले.

"पिन मोडलीय शेठ, हौसिंग नाही."

मामांनी मुरमातून टोक शोधून काढलं, पायजम्याला पुसलं आणि पिन मागायला माझ्यापुढं हात केला.