‘खूप छान’च्या गठ्ठ्यात मी काय शोधते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शाळेतले शिक्षक विचारतात, पैसे देणाऱ्या कंपन्यांची माणसं विचारतात, नात्यातले तर हमखास विचारतात: कांदळवनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलातल्या जंगलाच्या (मॅनग्रोव्हच्या), कार्यक्रमानंतर मुलांकडून अभिप्राय भरून घेता, ते सगळे चांगलेच असणार, मग वाचत काय बसता? आणि त्यावरून कार्यक्रम जमला की फसला हे ठरवता तरी कसं?

पहिल्या प्रश्नातला चिमटा रास्त आहे. अभिप्राय चांगलेच असतात. रायगडच्या खारेपाटातली, खाडीकाठच्या शाळांमधली सातवी ते नववीची मुलं आमच्याबरोबर अर्धा दिवस येतात. तिथल्या झाडांत तिवर कोणती, कांदळ कोणता ते बघतात, गुडघाभर चिखलात उतरतात, निवट्या (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे) टणाटण उडाल्या की ओरडतात आणि वर्गात परतून फॉर्म भरतात. गणिताचे दोन तास बुडालेलं मूल ‘कार्यक्रम कसा वाटला?’ या प्रश्नाला दुसरं काय लिहिणार? खूप छान. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची रांग छापून दिली की सगळ्यात मोठ्या हसऱ्या चेहऱ्याला गोल. त्यात बाई बाकाशेजारी उभ्या आणि कागदाच्या डोक्यावर नाव आणि हजेरी क्रमांक. एका मुलीने मला हळूच विचारलं होतं, ‘ह्याला मार्क आहेत का?’ तेव्हापासून नावाचा रकाना गेला आणि फॉर्म भरताना शिक्षकांना चहाला न्यायचं काम आमच्यातल्या एकाकडे आलं.

‘कांदळवनाचे फायदे लिहा’ हा प्रश्न तर मी काढूनच टाकला. उत्तरं आधीच ठाऊक असतात: ऑक्सिजन देतात, जमिनीची धूप थांबते, त्सुनामीपासून रक्षण होते. अख्ख्या वर्गाची तीच तीन वाक्यं, त्याच क्रमाने. पांढरी चिप्पी हा २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष झाला, हे मुलांना सालासकट पाठ असतं. समोर चिप्पीची फांदी धरली तर निम्मी मुलं तिला तिवर म्हणतात.

मग वाचायचं काय? आम्ही तीनदा विचारतो: जायच्या आधी, आल्यावर लगेच आणि मधे एखादी मोठी सुट्टी गेल्यावर. तिन्ही वेळा एकच कोरी जागा, खाडीकाठचं झाड काढा आणि त्याच्या आसपास काय असतं ते लिहा. आधीच्या चित्रांत आंब्यासारखं गोल झाड असतं, मुळं अर्थातच जमिनीखाली. नंतरच्या चित्रांत चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांची टोकं दिसतात, एखादी चिंबोरी, कुठे पागेर (फेकायचं जाळं) घेऊन उभा माणूस. सुट्टीनंतरच्या चित्रात ती टोकं टिकली, तर मूल खाडीवर होतं असं मी धरते. मग मी आणि एक सहकारी तेच कागद वेगवेगळे वाचून त्यांचे ढीग करतो: पाठ केलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं, स्वतः करून बघितलेलं आणि तक्रार. आमचे ढीग जुळत नाहीत तिथे भांडतो. खरं सांगायचं तर त्या भांडणात जेवढं कळतं तेवढं टक्केवारीच्या तक्त्यातून कधी कळलं नाही.

‘करून बघितलेलं’ म्हणजे काय, त्याचं एक उदाहरण. खाडीवर आम्ही तिवराचं पान उलटं करून मुलांना चाटायला सांगतो. तिवर जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते, म्हणून पान खारट लागतं. हे जवळजवळ सगळी मुलं लिहितात, त्यामुळे त्याला मी फार भाव देत नाही. पण सुट्टीनंतरच्या एका कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: ‘मी कांदळाचे पान पण चाटले. ते खारट नाही. मग त्याचे मीठ कुठे जाते?’ कांदळ बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो, आत घेत नाही. हे त्या मुलाला कुणी सांगितलेलं नव्हतं. कुणी न सांगता तो परत खाडीवर गेला आणि दुसरं झाड तपासून आला. माझ्या लेखी हसऱ्या चेहऱ्यांच्या पाच वर्गांपेक्षा हा एक कागद जड आहे. (आणि हो, त्यानंतर आम्ही मुलांना आधी गेवा हे कांदळवनातलंच विषारी झाड ओळखायला शिकवतो. त्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात आणि डोळ्यांत गेला तर फार वाईट. दिसेल ते पान तोंडात घालणारी पोरं तयार करण्यात अर्थ नाही.)

तक्रारींचा ढीग सगळ्यात लहान आणि सगळ्यात कामाचा. ‘मुळे दाखवतो म्हणाले पण नुसते पाणीच होते.’ बसची वेळ शाळेच्या सोयीने ठरली होती आणि ती ऐन भरतीची निघाली. आता तारीख ठरवताना आधी तिथी बघतो, मग बस. मुलींना पाय धुवायला आडोसा हवा, हेही तक्रारीतूनच कळलं. हे झालं सोपं, सुधारलं की संपलं.

एक तक्रार मात्र अशी आली की तिच्यामुळे अख्खा पाठ बदलावा लागला. आठवीतल्या कुणाचा तरी कागद. चेहऱ्यांपैकी रडक्याला गोल आणि खाली लिहिलेलं: ‘मला आवडले नाही. आमची शेती खारात होती. बंधारा फुटला आणि तिवर आली. आता तोडायला पण देत नाहीत. तुम्ही म्हणता तिवर चांगली.’

खारेपाट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इथली भातशेती समुद्राला अडवून केलेली आहे. मातीचा बंधारा आणि त्यात उघाडी. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर पडतं, भरतीला झडप बंद होऊन खारं पाणी बाहेरच राहतं. उधाणाला बंधाऱ्याला खांड पडली आणि ती वेळेत बुजवली नाही, की प्रत्येक भरतीचं पाणी शेतात येतं. पाण्याबरोबर तिवराचं बी येतं. काही वर्षांत सातबाऱ्यावर भातशेती आणि जागेवर जंगल. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५च्या आदेशाने आणि २०१८च्या निकालाने कांदळवनाची तोड बंद झाली. जमीन सरकारी असो वा खाजगी. मुंबईत भराव टाकून इमारती उठत होत्या, त्या लक्षात घेतल्या तर तो निकाल हवाच होता, माझं मत अजूनही तेच आहे. पण त्या मुलाच्या घरी त्या निकालाचा अर्थ एवढाच, की भात बाजारातून आणायचा.

आम्ही वर्गात अभिमानाने आकडा सांगायचो: वन सर्वेक्षणाच्या २०१९च्या अहवालात महाराष्ट्रातलं कांदळवन ३२० चौरस किलोमीटर, २०२१च्या अहवालात ३२४. वाढलं, टाळ्या. त्या कागदानंतर हा आकडा सांगताना माझी जीभ अडखळते. आपल्याकडे वाढलेल्या जंगलात कुणाचं शेत बुडालेलं असू शकतं, हे समोरच्या बाकावरच्या मुलाला माझ्याआधी माहीत असतं. सरासरी काढायच्या तक्त्यात हा कागद ‘असमाधानी’च्या रकान्यात एक काडी होऊन पडला असता. वर्गाचा आकडा तेवढ्याने जेमतेम हलला असता आणि अहवाल नेहमीसारखाच गुळगुळीत झाला असता.

आता पाठाचा दुसरा भाग बंधाऱ्यावर होतो आणि तो गावातले एक वयस्कर शेतकरी घेतात. त्यांचं सांगणं सरळ आहे. बंधाऱ्याच्या बाहेर, समुद्राच्या अंगाला तिवर असली तर लाटेचा मार ती खाते आणि बंधारा टिकतो. आत आली तर शेत गेलं. तीच तिवर, फरक बंधाऱ्याच्या कुठल्या अंगाला उभी आहे एवढाच. जुनी माणसं म्हणूनच बाहेरची तिवर राखत आणि आतली रोपं वेळीच उपटत, असंही ते सांगतात. मुलं त्यांना प्रश्न विचारतात, आम्हाला विचारत नाहीत तेवढे. एकदा दोन मुलांची तिथेच जुंपली. एकाचे वडील खाडीत मासे धरतात, दुसऱ्याची शेती गेलेली. बाईंना काळजी वाटली, मला आनंद झाला.

आता गंमत ऐका. पाठ सुधारला तसे चेहरे उतरले. पूर्वी जवळपास सगळे गोल मोठ्या हसऱ्या चेहऱ्याला असायचे, आता मधल्या, तोंड सरळ ठेवलेल्या चेहऱ्यालाही बरेच मिळतात. लिहिलेला मजकूर मात्र वाढला. ‘कांदळवन पाहिजे. पण बंधाऱ्याच्या बाहेर. आत आले तर भरपाई कोण देणार?’ अशा कागदाला कुठल्या चेहऱ्यात बसवायचं?

कंपनीच्या साहेबांनी अहवाल बघून फोन केला, ‘मॅडम, समाधानाची टक्केवारी का घसरली?’ मी त्यांना हाच कागद वाचून दाखवला, बंधाऱ्याचं सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ‘पॉइंट व्हॅलिड आहे’ असंही म्हणाले. पुढच्या वर्षीच्या करारात ‘किमान नव्वद टक्के विद्यार्थी समाधानी’ ही अट मात्र आहे तशीच आली.