सम्राट नको, शहर निवडा

रोमन नाणी जमवायला लागलेले बहुतेक जण सम्राटांची यादी पुढे ठेवतात. ऑगस्टस झाला, टायबेरिअस झाला, नीरो मिळाला, की एकेका नावापुढे खूण. खुद्द रोमच्या टांकसाळीतल्या नाण्यांसाठी ही पद्धत चालते. प्रांतिक नाण्यांचं मोल मात्र या यादीत मावत नाही. आजच्या ग्रीस, बल्गेरिया, तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉन या पट्ट्यातली शेकडो शहरं आपापली तांब्या-काशाची नाणी पाडत. पुढच्या बाजूवर सम्राटाचा चेहरा असे, मागच्या बाजूवर काय यावं ते मुख्यतः शहर ठरवी. म्हणून माझं सांगणं एवढंच, की एक शहर किंवा एक लहान टापू धरा आणि नाण्याची मागची बाजू जमवा.

कॅपाडोसियातल्या सीझरियाच्या नाण्यांवर आर्गेयस पर्वत येतो. तोच आजचा एर्जियेस, आणि गाव म्हणजे कायसेरी. अँटिओकच्या नाण्यांवर नगरदेवता खडकावर बसलेली असते आणि तिच्या पायाशी ओरोंटिस नदी पोहणाऱ्या तरुणाच्या रूपात दिसते. एमेसाने (आजचं होम्स) आपल्या देवळातला काळा दगड नाण्यावर आणला. फ्रिजियातल्या अपामियाने सम्राट सेप्टिमिअस सेव्हेरसच्या काळात चक्क नोहाची नौका कोरली, आणि नौकेवर त्याचं नावही ग्रीक अक्षरांत घातलं.

शहरांमधली चढाओढही नाण्यांवर उतरली आहे. सम्राटाच्या पूजेचं देऊळ सांभाळण्याचा मान 'निओकोरोस' या पदवीने मिळे. एफिसस, स्मर्ना आणि पर्गमम ही तीन शहरं त्यासाठी भांडत. पदवी किती वेळा मिळाली तो आकडा नाण्यावर येई. सम्राट एलागाबालसच्या काळात एफिससचा आकडा चारवर गेला आणि त्याच्या खुनानंतर पुन्हा तीनवर आला. चेहरा झिजून ओळखू येत नसला, तरी नुसत्या या आकड्यावरून काळ जवळपास बांधता येतो.

पहिलं नाणं स्वस्त आणि वाचायला सोपं घ्यावं. निकैयाची छोटी काशाची नाणी, मागे लष्करी निशाणं असलेली, बाजारात भरपूर आहेत. दुसरा चांगला पर्याय सर्बियातल्या व्हिमिनॅशिअमचा. त्यावर मध्ये उभी स्त्री, एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला सिंह असतो. ही रोमन वसाहत असल्याने मजकूर लॅटिनमध्ये आहे आणि खाली शहराच्या स्वतःच्या कालगणनेचं वर्ष असतं. वर्ष 1 म्हणजे इ.स. 239-40.

ग्रीक मजकुराला घाबरायचं कारण नाही. सगळी मोठी अक्षरं, तीही चोवीसच. अडचण येते ती अक्षरांच्या वळणांची. सिग्मा बहुधा इंग्रजी 'सी'सारखा दिसतो, एप्सिलॉन गोलसर होतो, ओमेगा इंग्रजी 'डब्ल्यू'सारखा. पुढच्या बाजूला सम्राटाच्या पदव्या संक्षेपाने असतात. मागच्या बाजूला 'ऑन'ने संपणारा शब्द शोधा, म्हणजे 'एफेसिऑन', 'निकैएऑन'. ते त्या शहरातल्या लोकांचं नाव. तो शब्द सापडला की ऑक्सफर्डच्या 'रोमन प्रोव्हिन्शियल कॉइनेज ऑनलाइन' या मोफत सूचीत शहर आणि सम्राट टाकून शोधता येतं. अर्धीच अक्षरं वाचता आली तरी चालतं. वजन आणि व्यास जुळतो का तेही तिथेच पाहावं.

अलेक्झांड्रियाची चार द्राख्म्याची नाणी हा स्वतंत्र छंद होऊ शकतो, कारण त्यांच्यावर वर्ष असतं. इंग्रजी 'एल'सारखी खूण आणि तिच्यापुढे ग्रीक अक्षरांतला आकडा. आल्फा 1, बीटा 2, गॅमा 3, डेल्टा 4, एप्सिलॉन 5, झीटा 7, आयोटा 10, कॅप्पा 20. नववं वर्ष पुष्कळदा शब्दांत लिहिलेलं सापडतं. हे वर्ष सम्राटाच्या कारकिर्दीचं, पण इजिप्तचं नवं वर्ष 29 ऑगस्टला सुरू होई (लीप वर्षाच्या हिशोबाने कधी 30 ऑगस्टला). इथेच बहुतेकांची गणितं चुकतात. हेड्रियन 11 ऑगस्ट 117 रोजी सम्राट झाला. त्याचं पहिलं वर्ष 28 ऑगस्टला संपलं, म्हणजे जेमतेम 18 दिवसांचं. 29 ऑगस्टपासून दुसरं वर्ष सुरू. तेव्हा हेड्रियनच्या नाण्यावर 'आयोटा-झीटा', म्हणजे 17 असेल, तर ते नाणं 132-33 चं, 133-34 चं नव्हे. प्रत्येक सम्राटासाठी राज्यारोहणाची तारीख आणि त्यानंतरचा पहिला 29 ऑगस्ट असा दोन रकान्यांचा तक्ता एकदाच करून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

या वर्षांमुळे एक अख्खं बंड नाण्यांवर वाचता येतं. 270 मध्ये सीरियातल्या पाल्मिराची राणी झेनोबिया हिने इजिप्त घेतलं. त्यानंतरच्या अलेक्झांड्रियाच्या नाण्यांवर एका बाजूला रोमन सम्राट ऑरेलिअन, वर्ष 1, आणि दुसऱ्या बाजूला तिचा मुलगा व्हाबालाथस, वर्ष 4. पुढच्या वर्षी 2 आणि 5. मग ऑरेलिअन गायब होतो आणि व्हाबालाथस एकटाच पाचव्या वर्षासह उरतो. झेनोबियाचीही नाणी त्याच पाचव्या वर्षाची आहेत. सहावं वर्ष उजाडलंच नाही. 272 मध्ये इजिप्त पुन्हा रोमच्या ताब्यात होतं.

नाण्यांनी ग्रंथांच्या पुढे जाऊन इतिहास सांगणं विदर्भाला नवं नाही. 1939 मध्ये तऱ्हाळ्याला (तेव्हा अकोला जिल्हा, आता वाशिम) सातवाहनांच्या सुमारे दीड हजार पोटीन (तांबं, शिसं, कथील यांचा मिश्रधातू) नाण्यांचा निधी सापडला. वा. वि. मिराशींनी त्याचं वाचन केलं तेव्हा कुंभ, कर्ण, शक अशी पुराणांच्या यादीत नसलेली सातकर्णी राजांची नावं पुढे आली. नागपुरात बसून प्रांतिक नाणी जमवणाऱ्याने सातवाहनांची हत्ती आणि उज्जैन चिन्हाची (अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं) नाणीही नीट पाहून घ्यावीत. अर्धवट उमटलेला मजकूर तीन-चार नाण्यांवरून जुळवून पूर्ण करायची सवय लागते, आणि ती पुढे निकैयाच्या नाण्यालाही तशीच लागू पडते.

या दोन जगांमध्ये व्यापार होता, हे खरं. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरप्रवासाच्या ग्रंथात पैठण आणि तेरचा माल भडोचला जात असल्याचा उल्लेख आहे, आणि लाल समुद्रावरच्या इजिप्शियन बंदरांतून जहाजं इकडे येत. तरी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इजिप्तचं चलन बंदिस्त होतं. अलेक्झांड्रियाची नाणी तिथेच फिरत, आणि भारतात आलेला रोमन पैसा मुख्यतः चांदीचे दिनार आणि सोन्याची नाणी यांच्या रूपात आला. पवनी किंवा अडम या विदर्भातल्या प्राचीन ठिकाणांच्या शेतात सापडलेलं म्हणून कोणी अलेक्झांड्रियाचं नाणं दाखवत असेल, तर ती कथा मानू नका. आणि कथा खरी असेल, तर ते नाणं विकत घेऊच नका. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

1972 च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुनी नाणी येतात, आणि असा अवशेष खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा, की परदेशी लिलावातून मागवलेलं नाणं खोटं निघालं तर परत पाठवणं फार अवघड होऊन बसतं. सगळी तपासणी पैसे भरण्यापूर्वी करावी लागते. वजन 0.01 ग्रॅमपर्यंत, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, जुन्या मालकीचे कागद, हे सगळं आधी मागवा. बिल आणि कस्टमची पावती नाण्याइतकीच जपा.

फोटोत काय पाहायचं? कडेवर शिवण किंवा कानस फिरवल्याच्या रेघा असतील तर ते ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेलं खोटं, असण्याची शक्यता मोठी. अक्षरांच्या कोपऱ्यात बारीक गोल खड्डे दिसले तर तोच संशय. दोन नाण्यांची चकती, ओरखडे आणि झीज हुबेहूब एकसारखी असेल तर दोन्ही सोडा; ठसा एकच असू शकतो, ओरखडे नाहीत. मोठ्या काशाच्या नाण्यांत दुसराच प्रकार चालतो. नाणं खरं असतं, पण केस आणि कपड्यांच्या चुण्या नव्याने कोरलेल्या असतात आणि चेहऱ्याभोवतीचा भाग खरवडून खोल केलेला असतो. भिंगातून पाहिलं तर त्या रेघांच्या कडा नको तितक्या धारदार दिसतात. काळ्या समुद्राकाठच्या आणि थ्रेसच्या नाण्यांवर मात्र मधोमध खळगा असतो. तो चकती तयार करतानाचा आहे, दोष नाही. सराफी तराजू, व्हर्निअर कॅलिपर आणि दहापट भिंग एवढी सामग्री नागपूरच्या इतवारी बाजारात मिळते.

आता नागपूरच्या हवेचं. काशाच्या नाण्यात क्लोराइड अडकलेलं असेल तर ओलावा मिळताच फिकट हिरवी, भुरभुरीत पूड सुटते आणि नाणं आतून खाल्लं जातं. आर्द्रता साधारण 42 ते 46 टक्क्यांच्या वर गेली की धोका वाढतो. पावसाळ्याची काळजी सगळे घेतात, फसवतो तो उन्हाळा. मे महिन्यात बाहेर हवा ठणठणीत कोरडी असते, पण ज्या खोलीत कूलर सुरू आहे तिथे आर्द्रता 60 टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते, आणि बहुतेकांचं कपाट त्याच खोलीत असतं. ते दुसऱ्या खोलीत हलवा. पाच लिटरच्या हवाबंद डब्यात 100 ते 150 ग्रॅम नारिंगी सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. पीव्हीसीचे मऊ अल्बम इथल्या उन्हात आम्ल सोडतात, म्हणून आम्लरहित कागदी पाकिटं किंवा मायलारची (पॉलिएस्टर फिल्मची) पाकिटंच घ्या.

पूड दिसलीच तर चिंच, लिंबू, पितांबरी यांतलं काहीही लावू नका. आम्लाने वरचा संरक्षक थर जातो आणि क्लोराइड आतच राहतं. नाणं बाकीच्यांपासून वेगळं करा. भिंगाखाली लाकडी काडीने किंवा सुईने पूड काढा. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात 24 ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट आणि 19 ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा, नाणं त्यात बुडवून ठेवा आणि दर आठवड्याला द्रावण बदला. याला कित्येक आठवडे लागतात आणि रंग थोडा बदलू शकतो. नंतर डिस्टिल्ड पाण्यात पुरेसं धुवा, अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून वाळवा. लगेच मेण लावू नका. ओल्या कापसाच्या वाटीशेजारी, कापसाला न लागेल असं, नाणं बंद डब्यात 24 तास ठेवून पाहा. हिरवे ठिपके परत आले तर पुन्हा सोड्यात टाका. नाही आले तर पूर्ण कोरडं करून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या आणि पहिलं वर्षभर ते वेगळ्या डब्यातच ठेवा.